एकच भांडं घ्यायचं तर कोणतं? जाड बुडाचं पातेलं, बिडाचं भांडं, प्रेशर कुकर आणि मल्टिकुकर

‘सात कामं एकात’, ‘दहा कामं एकात’ असं खोक्यावर छापलेलं असतं. ती यादी सावकाश वाचून पाहा. भात, सूप, कडधान्य, वाफवणं, दूध तापवणं ही सगळी पाणी तापवण्याचीच रूपं आहेत. उघड्या भांड्यात पाणी शिल्लक असेपर्यंत आतलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, त्यामुळे तिथे कोणतंही धड भांडं वेळ निभावून नेतं. भांड्याचा कस लागतो तो पाणी नसताना. कांदा परतताना, मांसाचे तुकडे लालसर करताना, मसाला तेलात भाजताना. खमंगपणा यायला साधारण १४० अंशांच्या वरचं तापमान लागतं. ते बुडाच्या सगळ्या भागात सारखं हवं आणि गार जिन्नस पडल्यावर एकदम ढासळायला नको.

म्हणून माझा आग्रह असा की एकच भांडं घेणाऱ्याने त्यात किती पदार्थ होतात हे मोजू नये. त्यात आधी परतून, मग पाणी घालून, मग मंद आचेवर तासभर ठेवून, शेवटी त्यातूनच वाढता येतं का, हे पाहावं. या कसोटीवर चार भांडी शेजारी शेजारी ठेवू.

बुडापासून सुरुवात

धातू उष्णता किती झपाट्याने पसरवतो, हे एकाच मापात सांगायचं तर तांब्याला साधारण ४०० गुण, अॅल्युमिनियमला २३५च्या आसपास, बिडाला ५० आणि स्टेनलेस स्टीलला फक्त १५. एकेरी स्टीलच्या पातळ पातेल्यात ज्योतीच्या बरोबर वर गोल डाग पडून करपतं आणि कडेला कच्चं राहतं, ते यामुळे. त्यात दोष स्वयंपाक करणाऱ्याचा नसतो.

यावर दोन उपाय निघाले. एकात स्टीलच्या भांड्याला खालून अॅल्युमिनियमची जाड चकती बसवतात आणि तिच्यावर पुन्हा स्टील चढवतात. दुसऱ्यात, म्हणजे ट्रायप्लायमध्ये, स्टील-अॅल्युमिनियम-स्टील असा तिहेरी पत्रा बुडापासून काठापर्यंत जातो. चकतीचं भांडं वाईट नाही. उकळण्यासाठी ते उत्तमच. पण ज्योत चकतीच्या बाहेर गेली की तिथली भिंत एकेरी स्टीलची असते आणि रस आळताना कडेला काळी रेघ धरते. दुकानात ओळखायला सोपं आहे: बुडाच्या कडेला बाहेरून पायरीसारखी खाच दिसली तर चकती समजा.

ट्रायप्लायचं सरळ भिंतीचं, दोन कानांचं, झाकणाचं पातेलं ही माझी पहिली निवड. ते लवकर तापतं आणि आच कमी केली की लवकर ऐकतं. टोमॅटो, चिंच, व्हिनेगर अशा आंबटाशी त्याचं वैर नाही. कान आणि झाकण धातूचं असेल तर ओव्हनमध्येही जातं. परतून झाल्यावर तळाला जो तपकिरी थर धरतो, त्यावर थोडं पाणी घालून लाकडी चमच्याने खरवडला की तो रसात उतरतो. अर्धी चव तिथेच असते. नॉनस्टिक भांड्यात असा थर नीट धरतच नाही.

बिडाचं जाड भांडं

याला बाहेर डच ओव्हन म्हणतात. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून अशी भांडी स्वस्तात बनू लागली. आज मिळणाऱ्या भांड्यांत बहुतेकदा आतून-बाहेरून एनॅमल, म्हणजे काचेसारखा कठीण लेप, चढवलेलं असतं.

बीड उष्णता धरून ठेवतं असं आपण म्हणतो, पण त्यामागे धातूपेक्षा वजनाचा वाटा मोठा आहे. किलोला किलो तोललं तर अॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट उष्णता साठवतं. बिडाचं भांडं मुळात जाड आणि जड असतं, म्हणून एकूण साठा मोठा होतो. गार मांस टाकलं तरी त्याचा ताव उतरत नाही. मंद आचेवर दोन-तीन तास मुरवायचं असो, ओव्हनमध्ये झाकण लावून पाव भाजायचा असो, या कामात त्याला तोड नाही.

मात्र पाच लिटरचं असं भांडं झाकणासकट साधारण पाच किलो भरतं. त्यात तीन लिटर रस्सा घाला, आठ किलो झाले. माझं मनगट दुखावलं होतं तेव्हा माझं बिडाचं भांडं दोन महिने खालच्या फळीवर पडून होतं. स्वयंपाक रोज चालू होता, पण त्याला उचलायचा धीर झाला नाही. घरात वयस्कर माणूस स्वयंपाक करणार असेल तर हा मुद्दा सगळ्यात आधी धरा.

शिवाय ते हळू तापतं. घाईने मोठी आच दिली तर मधोमध करपतं. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं द्यायलाच हवीत. तापलेलं भांडं गार पाण्याखाली धरलं तर एनॅमलला तडा जाऊ शकतो. एनॅमल नसलेल्या बिडात आंबट पदार्थ तासन्‌तास शिजवू नये. तेल चोळून आणि तापवून बिडावर तयार केलेला थर सुटतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते.

प्रेशर कुकर

दनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडं मऊ करणारं वाफेचं भांडं मांडलं. सेफ्टी व्हॉल्व्हची कल्पनाही त्याचीच. मूळ तत्त्व आजही तेच आहे. बाहेरच्या हवेपेक्षा १५ पौंड प्रति चौरस इंच जास्त दाब धरला की पाणी १००ऐवजी सुमारे १२१ अंशांना उकळतं. एवढ्या २१ अंशांनी कडधान्य आणि चिवट मांस एक तृतीयांश वेळात शिजतं. डोंगराळ भागात राहणाऱ्यांना तर कुकरला पर्याय नाही, कारण दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

त्याची मर्यादा म्हणजे आत काय चाललंय ते दिसत नाही, मधे चव पाहता येत नाही, रस आळवता येत नाही. आणि बाहेर न पडणारी वाफ खमंगपणा देत नाही. तो आधी परतून मिळवावा लागतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जाड बुडाचा, रुंद तोंडाचा स्टीलचा कुकर घेतला आणि त्याला मापाचं साधं झाकण मिळवलं, तर तो चकतीच्या बुडाचं चांगलं पातेलंही होतो. ज्यांच्याकडे आठवड्यातून चार दिवस कडधान्य शिजतं आणि जागा एकाच भांड्यापुरती आहे, त्यांना मी ट्रायप्लायऐवजी हाच सुचवेन. अरुंद, उंच कुकर मात्र टाळा. त्यात परतताना जिन्नस एकमेकांवर चढतात आणि भाजण्याऐवजी वाफवले जातात.

भरण्याचे नियम कडक पाळा. एरवी दोन तृतीयांशापेक्षा जास्त नाही. फुगणाऱ्या आणि फेस येणाऱ्या जिन्नसांना, म्हणजे डाळी, तांदूळ, कडधान्य यांना, अर्ध्यापर्यंतच. फेस व्हॉल्व्हच्या भोकात अडकतो, म्हणून दर वेळी ते भोक उजेडात धरून आरपार पाहायचं.

विजेचा मल्टिकुकर

२०१० मध्ये कॅनडातून ‘इन्स्टंट पॉट’ आला आणि हा प्रकार घराघरांत पोचला. दाबाने शिजवणं, मंद शिजवणं, भात, वाफवणं, दही लावणं, सगळं एका यंत्रात. पण त्याचं खरं बळ बटणांच्या संख्येत नाही. त्याला लावून तुम्ही निघून जाऊ शकता. तो आपणहून आच कमी करतो, आपणहून थांबतो. लहान मूल, आजारी माणूस, परीक्षेचा अभ्यास, दिवसभराची नोकरी यांपैकी काहीही मागे असेल तर ही सुटका फार मोठी आहे.

पहिल्या कसोटीवर मात्र तो मागे पडतो. साधारण १००० वॉटची तापणारी चकती आणि अरुंद आतलं भांडं, त्यामुळे अर्धा किलो कांदाही दोन खेपांत परतावा लागतो. दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, त्यामुळे वेळ थोडा जास्त. शिवाय पाककृतीत ‘१० मिनिटं’ लिहिलेलं असतं त्यात दाब चढायला आणि उतरायला लागणारा वेळ धरलेला नसतो. भरलेलं भांडं असेल तर त्या दहाचे सहज चाळीस होतात. आणि वीज गेली की तो मुका.

मंद शिजवण्याच्या सोयीबद्दल एक इशारा मनापासून देते. राजमा कधीही कच्चा त्यात टाकू नका. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन नीट उकळल्याशिवाय मरत नाही, आणि मंद शिजवताना पाणी उकळीपर्यंत पोचेलच असं नाही. राजमा पाच तास तरी भिजवायचा, ते पाणी टाकून द्यायचं, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा, मग पुढे काय हवं ते करायचं. तसंच ‘नंतर सुरू कर’ हे बटण दूध किंवा कच्चं मांस घालून वापरू नये. ५ ते ६० अंशांमधल्या कोमट पट्ट्यात जिवाणू भराभर वाढतात.

नॉनस्टिकचं थोडक्यात. टेफ्लॉनचा थर २६० अंशांच्या वर बिघडू लागतो आणि रिकामं भांडं मोठ्या आचेवर तिथवर काही मिनिटांत पोचतं. दुसरं भांडं म्हणून ठीक, एकमेव म्हणून नको.

माप

लोक लिटर विचारतात. मी आधी बुडाचा व्यास विचारते. २० सेंटिमीटरच्या बुडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, २४चं ४५२. चार सेंटिमीटरच्या फरकाने परतायला ४४ टक्के जास्त जागा मिळते. २४ सेंटिमीटर व्यास आणि ११ सेंटिमीटर उंची म्हणजे जवळजवळ पाच लिटर. चार माणसांना हे पुरतं आणि उरलेलं दुसऱ्या दिवसाला राहतं. एक-दोघांना २० ते २२ सेंटिमीटर, तीन लिटरच्या आसपास. उंची व्यासाच्या निम्म्याने असली की परतताना हातही पोचतो आणि उकळताना उतूही जात नाही.

दुकानात कान धरून पाहा, पण जाड फडक्यासकट. नुसत्या बोटांना पुरणारी फट फडक्यासकट पुरत नाही. इंडक्शनची शेगडी असेल तर खिशात चुंबक ठेवा. बुडाला घट्ट चिकटला तर चालेल, ओझरता धरला तर नाही. काठ बाहेर वळलेला असेल तर रस ओतताना ओघळत नाही.

हाताळणी

स्टीलला चिकटतं ही तक्रार बहुतेकदा गार भांड्यात गार जिन्नस टाकल्याने येते. आधी रिकामं भांडं मध्यम आचेवर दोन मिनिटं तापवा आणि पाण्याचा थेंब टाका. थेंब सुर्रकन उडून गेला तर अजून थांबा. पाऱ्यासारखा गोळी होऊन घरंगळू लागला की तेल घालायची वेळ झाली. मांसाचा तुकडा सुरुवातीला चिकटणारच. ओढू नका. खालून खरपूस झाला की तो आपला आपण सुटतो.

मीठ उकळत्या पाण्यात घाला. गार पाण्यात टाकलेले खडे बुडाशी बसून राहतात आणि स्टीलवर बारीक खड्डे पडतात. निळसर इंद्रधनुषी छटा आल्या तर घाबरू नका, चमचाभर व्हिनेगरने जातात. करपलं तर पाणी आणि खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा. तारेची घासणी एनॅमलला आणि नॉनस्टिकला लावू नका, स्टीलला अगदी नाइलाज असेल तरच.

जुनं भांडं कुणाकडून मिळत असेल तर स्टीलवरच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा, बूड सपाट आहे ना ते ओट्यावर ठेवून पाहा. डुगडुगत असेल तर इंडक्शनवर ते नीट तापणार नाही. आतून एनॅमलचा टवका उडालेला असेल तर नको, बाकीचेही टवके अन्नात पडू शकतात. आणि कुकर असेल तर आधी त्या मापाची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह अजून मिळतात का ते विचारा. मिळत नसतील तर झाकण बाजूला ठेवून त्याचं पातेलं करा.