परदेशातील गरीब वस्तीचे अर्थकारण वर्गात: थेट व्हिडिओ तास की ध्वनिसंदेश?

वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना परदेशातील अल्प उत्पन्न कुटुंबांचा व्यवहार ऑनलाइन शिकवायचा तर तिकडच्या माणसांशी थेट व्हिडिओवर बोलता येते किंवा व्हॉट्सअॅपवर ध्वनिसंदेशांची देवाणघेवाण करता येते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात मी हे दोन्ही मार्ग एकेक सत्र वापरले. केनियातील किसुमू शहरातील एका प्राध्यापकांनी दुभाष्याचे काम केले आणि समोर तेथील बाजारातील भाजीविक्रेत्या ताई होत्या.

थेट तासाची ताकद मी नाकारणार नाही. तिकडे रोजच्या जेवणातल्या पालेभाजीला ‘सुकुमा विकी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘आठवडा ढकला’. ताईंनी तिची मोठी जुडी सोडून पडद्यासमोर चार बारक्या जुड्या बांधल्या, तेव्हा रोजच्या मजुरीवर चूल पेटवणाऱ्या गिऱ्हाइकाला थोडे थोडे विकणे हाच धंदा कसा होतो, हे मुलांना चटकन उमगले.

अडचण आली ती घड्याळाची. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. ताईंची सकाळ आणि संध्याकाळ विक्रीत जाते आणि उसंत मिळते ती दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडे साडेचारला. आमच्या खेड्यांकडची शेवटची एसटी मात्र पावणेपाचला सुटते. एकदा ताई आपल्या बचत गटाची, तिकडच्या भाषेत ‘चामा’ची, वही उघडून हिशेब समजावत असतानाच मुली दप्तरे उचलून उठल्या. ताईंनी वही मिटली आणि विचारले, ‘माझे काही चुकले का?’ त्यांचा प्रश्न भाषांतर होऊन आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा निम्मा वर्ग रिकामा झाला होता. नेटवर्क तुटणे मी सोसले असते, पण धंद्यातून वेळ काढून बसलेल्या बाईला असे वाटावे, हे मला सहन झाले नाही.

ध्वनिसंदेशांत चेहरा दिसत नाही, उत्तराला दोन दिवस लागतात आणि उपप्रश्नाची धार बोथट होते, हे मान्य आहे. परंतु ताई दुकान आवरल्यावर सवडीने बोलतात आणि मुले ते घरी पुन्हा पुन्हा ऐकतात. एका विद्यार्थिनीने असा संदेश आपल्या आईला ऐकवला. आई गावच्या बचत गटाच्या सचिव आहेत. ताईंचा चामा आपल्या भिशीसारखा पाळीपाळीने चालतो, हे कळताच त्यांनी विचारले, ‘जिचा नंबर आधी लागला तिने पुढे पैसे भरलेच नाहीत तर?’ आमच्या वर्गाला हे सबंध सत्रात सुचले नव्हते. नव्या सभासदाचा नंबर शेवटी लावतो, असे उत्तर आले आणि तारण नसताना पत कशी जोखली जाते, यावर पुढचे दोन तास मुलेच बोलत राहिली.

पूर्वतयारी दोन्हीकडे सारखीच लागते. विशेषतः केनियात 2007 साली सुरू झालेली, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा आपल्या यूपीआयपेक्षा वेगळी आहे, तिला बँक खाते लागत नाही आणि रोख रक्कम एजंटाकडे भरता येते, हे आधी सांगावे.

वसतिगृह असलेल्या शहरी महाविद्यालयाला कदाचित थेट तास अधिक मानवेल. ज्यांचे विद्यार्थी एसटीच्या वेळेला बांधलेले आहेत, त्यांनी मात्र ध्वनिसंदेशांपासून सुरुवात करावी, असे मला नम्रपणे वाटते. समोरच्या व्यक्तीची संमती असेल तर हिशेबाच्या वहीच्या एका पानाचे छायाचित्र सोबत मागवावे आणि तिच्या वेळेचा मोबदला पहिल्या संदेशाआधीच ठरवावा.