एकाच गुडघ्याची दोन ऑपरेशनं: माझा अनुभव

उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्याचं पहिलं ऑपरेशन मी छप्पन्न वर्षांचा असताना झालं. तोच गुडघा सहासष्टाव्या वर्षी पुन्हा उघडावा लागला, म्हणजे रिव्हिजन. त्याला आता दोन वर्षं झाली. हॉस्पिटलं दोन, सर्जन दोन. नावं लिहीत नाही, कारण मी जे विचारायला हवं होतं ते कुठल्याही हॉस्पिटलात विचारता येतं.

मी आयुष्यभर मशीन शॉपमध्ये फिटर होतो. बेअरिंग बदललं की त्याचा नंबर आणि तारीख लॉगबुकात जायची. मशीन सुरळीत चालत असलं तरी ठरावीक तासांनी उघडून गाळा तपासायचा, हा आमचा नियम. आवाज यायला लागल्यावर उघडलं तर बेअरिंगबरोबर शाफ्टही गेलेला असतो. हे मी शिकाऊ पोरांना पन्नास वेळा सांगितलं असेल, पण स्वतःच्या गुडघ्याच्या बाबतीत दहा वर्षं एकदाही डोक्यात आलं नाही.

पहिल्या ऑपरेशनबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं झालं होतं. माझा पाय गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकला होता, तो सरळ झाला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहिलो, सहा आठवड्यांत काठी सुटली, गुडघा १२० अंश वाकायला लागला. पुढची आठ वर्षं आत धातू आहे हे मी विसरूनच गेलो होतो. सर्जनच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती घरी सोडतानाच्या दोन वाक्यांबद्दल. एक, ‘पंधरा-वीस वर्षं काळजी नाही.’ दुसरं, ‘काही त्रास झाला तरच या.’ आणि हातात जो डिस्चार्जचा कागद दिला त्यावर फक्त ‘उजवा गुडघा, टोटल रिप्लेसमेंट’. कंपनी कुठली, साइज काय, बॅच नंबर काय, काही नाही.

त्या पंधरा-वीस वर्षांच्या आकड्याबद्दल नंतर मी बरंच वाचलं. आकडा खोटा नाही. स्वीडनने १९७५ पासून गुडघ्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली, ऑस्ट्रेलियाची नोंदवही १९९९ पासूनची, इंग्लंड-वेल्सची २००३ पासूनची. देशात कुठेही सांधा बसवला की त्याची नोंद होते, आणि तोच सांधा कुठेही पुन्हा उघडला की तीही होते. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या अशा नोंदींवरून २०१९ साली हिशोब मांडला गेला, त्यात २५ वर्षांनंतर पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के टिकलेले निघाले, अर्धवट, म्हणजे गुडघ्याचा एकच भाग बदललेल्यांपैकी ७० टक्के, आणि खुब्याच्या सांध्यांपैकी ५८ टक्के. आकडे चांगलेच आहेत. पण हे सगळ्यांचे मिळून आहेत, आणि सांधे बदलून घेणारे बहुतेक जण माझ्याहून बरेच वयस्क असतात.

माझा आकडा वेगळा होता. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवर २०१७ साली झालेल्या अभ्यासात वयानुसार हिशोब केलेला आहे. सत्तरीनंतर सांधा बसवला तर उरलेल्या आयुष्यात रिव्हिजन लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. पन्नाशीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत गुडघा बसवलेल्या पुरुषांमध्ये तीच ३५ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे तिघांतला एक. त्याच वयाच्या बायकांमध्ये ती २० टक्क्यांच्या आसपास आहे. मी त्या गटाच्या थोडा पुढे होतो, पण सत्तरीच्या मानाने कुठल्या कुठे. उभं राहून काम करणारा, दिवसभर जिने चढणारा पुरुष. मला पाच टक्क्यांच्या माणसाचं उत्तर मिळालं. ‘किती वर्षं टिकेल’ असं विचारण्याऐवजी ‘माझ्या वयाला, माझ्या कामाला पुन्हा उघडायची वेळ किती जणांवर येते’ असं विचारायला हवं होतं. उत्तर ऐकून मी ऑपरेशन टाळलं नसतं, दुखणंच तसं होतं. पण दरवर्षी नाही तर निदान दोन-तीन वर्षांनी एक्स-रे नक्की काढला असता.

नवव्या वर्षी सुरू झालं ते अगदी बारीक. खुर्चीतून उठलं की पहिली चार-पाच पावलं नडगीच्या वरच्या टोकाला कळ, मग चालायला लागलं की बंद. मला वाटलं वयाचं असेल. हिने महिनाभर बघितलं आणि म्हणाली, ‘तुम्ही उठल्यावर आधी टेबल धरता, मग चालता. हे आधी नव्हतं.’ तेव्हा गेलो दुसऱ्या हॉस्पिटलात.

तिथल्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘काका, झोपल्यावर दुखतं की उठल्यावर?’ प्रश्न साधा, पण अर्ध निदान त्यात आहे. उठताना पहिल्या पावलांना दुखत असेल तर सांधा हाडावर सैल झाल्याचा संशय, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल तर जंतुसंसर्गाचा. एक्स-रे लाइट बॉक्सवर लावून त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवलं. नडगीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या पट्टीखाली बोन सिमेंट, म्हणजे धातू हाडाला पक्का धरून ठेवणारा थर, आणि सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये एक काळी रेघ. खाली आतल्या बाजूला हाडातच एक काळसर पोकळी. मी फीलर गेजने आयुष्यभर असेच गाळे मोजले, मला समजावून सांगावं लागलं नाही. फाउंडेशन सुटलं होतं.

कारण मात्र मी कल्पना केली नसती असं होतं. धातू आणि धातू यांच्यामध्ये जी प्लास्टिकची चकती असते तिचा अगदी सूक्ष्म चुरा निघत राहतो. शरीरातल्या पेशी तो गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि त्या झटापटीत आजूबाजूचं हाड विरघळायला लागतं. मशीनमध्ये चुरा बेअरिंग खातो, इथे तो बेअरिंग ज्यावर बसलंय ती बैठकच खातो. हे होताना बराच काळ काहीच दुखत नाही. म्हणून ‘त्रास झाला तरच या’ हा सल्ला मला आजही खुपतो.

यानंतर दुसऱ्या हॉस्पिटलने केलं ते मला फार आवडलं: घाई केली नाही. सांधा दुखतोय म्हणून उघडायचा नाही, का दुखतोय ते आधी कळलं पाहिजे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कारण न सापडता केलेल्या रिव्हिजनने दुखणं सहसा जात नाही. ईएसआर, सीआरपी या सूज किंवा संसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. अँटिबायोटिक दोन आठवडे बंद ठेवून गुडघ्यातलं पाणी सुईने काढलं आणि त्यात जंतू वाढतात का हे बघायला कल्चर चौदा दिवस ठेवलं, कारण काही जंतू फार हळू वाढतात. रिपोर्ट स्वच्छ आला. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचा नव्हता. त्यांचा सांधा काढून आत अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवला होता, सहा आठवडे शिरेतून औषधं, मग दुसरं ऑपरेशन. त्यांच्याकडे बघून माझ्या सैल सांध्याबद्दल मला तक्रार करवेना.

अडलं ते जुन्या कागदावर. आत कुठल्या कंपनीचा सांधा आहे ते कळेना. झीज लवकर सापडली असती तर नुसती चकती बदलून भागण्याची शक्यता होती, पण चकती त्याच कंपनीची, त्याच साइजची लागते, दुसरी बसतच नाही. पहिल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून ऑपरेशनची नोट मिळवायला पाच आठवडे गेले. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात स्टिकर असतात, नंबर आणि बॅचचे. ते ऑपरेशनच्या कागदाला चिकटवतात. त्याची एक प्रत मागून घ्या, एवढंच मी सगळ्यांना सांगतो. २०१० साली एका मोठ्या कंपनीने धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत तो जास्त वेळा बदलावा लागतोय हे त्याआधी तीन वर्षं दिसत होतं. असं काही झालं तर आपल्या आत काय आहे हे आपल्याला माहीत नको का?

रिव्हिजनचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा बरंच लांबलं. जुनं सिमेंट काढायचं, हाडाची पोकळी धातूच्या तुकड्यांनी भरायची, आणि नवा भाग नडगीच्या हाडात खोलवर जाणाऱ्या लांब दांड्यावर बसवायचा. काढलेली चकती मी मागितली, त्यांनी धुऊन डबीत घालून दाखवली. पिवळट पडली होती. बाहेरच्या बाजूवरून अंगठा फिरवला तर जवळजवळ नवी. आतल्या बाजूवर नख अडकत होतं, बारीक खड्डे, आणि कड कागदासारखी पातळ. एकीकडून झिजलेला बुश बघितला की आम्ही आधी अलाइनमेंट तपासतो, म्हणून तेच विचारलं. पाय एक्स-रेवर किंचित वाकडा राहिलेला दिसतो, पण तेवढ्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, असं सर्जन म्हणाले. माहिती आहे तेवढंच बोलणारा माणूस मला कामावरही आवडायचा.

आता निकाल. उठतानाची कळ गेली, हे सगळ्यात मोठं. पण पहिल्या वेळेसारखं झालं नाही. वाकणं १०५ अंशांवर थांबलं. काठी सुटायला सहा आठवड्यांऐवजी चार महिने लागले. जिना चढतो, उतरताना मात्र एकेक पायरी, कठडा धरून. रिव्हिजन पहिल्याइतकी टिकत नाही आणि पहिल्याइतकी बरीही वाटत नाही, हे आधीच सांगितलं होतं. त्यामुळे मी निराश नाही. सर्जन वर्षाला किती रिव्हिजन करतात हेही मी यावेळी विचारलं होतं, त्यांनी न रागावता सांगितलं. विचाराच.

एक गोष्ट या आकड्यांत दिसत नाही. नोंदवहीत सांधा ‘टिकला’ म्हणजे तो पुन्हा उघडला नाही, एवढंच. गुडघा बदलल्यावर साधारण पाचांतला एक माणूस समाधानी नसतो, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुसरं ऑपरेशन कधीच होत नाही. माझ्याबरोबर कामाला असलेल्या एकाचा बदललेला गुडघा दहा वर्षं दुखतोय, नोंदवहीच्या हिशोबाने तो शाबूतच धरला जाईल. उलट अर्धवट बदललेल्या गुडघ्याचा आकडा वाईट दिसतो त्यामागे एक कारण असंही आहे, की त्याचं पूर्ण गुडघ्यात रूपांतर करणं तुलनेने सोपं, म्हणून दुखलं तर सर्जन ते लवकर करतात. टक्के बघताना हे लक्षात ठेवावं लागतं.

दुसऱ्या हॉस्पिटलला मी पाचातले साडेचार देईन. अर्धा कापला तो फिजिओथेरपीसाठी, दर वेळी नवीन माणूस यायचा आणि पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. पहिल्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरला पाच, घरी सोडण्याच्या पद्धतीला एक.

यावेळचे स्टिकर माझ्या जुन्या लॉगबुकात चिकटवले आहेत, सात आहेत. त्याखाली एक्स-रेच्या तारखा: सहा आठवडे, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं. परवाच्या एक्स-रेत रेघ नाही.