‘बघते’ सोडवणारी कार्यशाळा: पाचपैकी साडेतीन तारे

संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाही. ६ आठवडे, दर आठवड्याला दीड तास, सगळं ऑनलाइन, आम्ही १४ जण. विषय एकच: कामाच्या ठिकाणी नाही म्हणायला शिकणं.

मी ११ वर्षं रिपोर्टिंगच्या कामात आहे. आकडे गोळा करायचे, तक्ते लावायचे, महिनाअखेरीला वर पाठवायचे. दुसऱ्यांचे बिघडलेले तक्ते दुरुस्त करणं माझ्या कामात कुठेही लिहिलेलं नाही. पण ‘ताई, पाच मिनिटांचं काम आहे गं’ असं म्हणत कुणी खुर्ची ओढली की माझी दुपार गेली. ताई म्हटलं की निम्मा नकार तिथेच मरतो. भीड ही भिकेची बहीण हे लहानपणापासून ऐकत आलेय, आणि तरीही.

पहिल्या सत्रात प्रशिक्षिकेने मागच्या आठवड्यात नकार देताना वापरलेली वाक्यं लिहायला सांगितली. माझी चार निघाली: ‘बघते’, ‘प्रयत्न करते’, ‘आज जरा कठीण आहे’, ‘हातातलं संपवून सांगते’. तिने वाचून विचारलं, ‘यात नकार कुठला?’ एकही नव्हता. ‘बघते’ म्हणजे नुसतं भिजत घोंगडं. समोरचा तो होकार समजून निघून जातो, मी नकार दिला असं समजून विसरून जाते, आणि तीन दिवसांनी दोघंही चिडतो.

मग तिने एक गोष्ट दाखवली, जी मला एवढी वर्षं मराठी बोलून कधी दिसली नव्हती. आपलं ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. ‘हे मला या आठवड्यात घेता येणार...’ इथवर पोचेपर्यंत समोरचा चेहरा उतरतो, आणि शेवटच्या क्षणी आपण ‘नाही’ गिळून ‘कसं ते बघते’ म्हणून मोकळे होतो. उपाय साधा आहे: ‘नाही’ आधी म्हणून टाकायचं, कारण मागून. ‘नाही, या आठवड्यात नाही. सोमवारी विचार.’ पहिले काही दिवस कुणाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात त्याचं काही वाटेनासं झालं. या एका गोष्टीसाठी एक तारा.

दुसरं सत्र मला पटलं नाही. ‘जमत नाही’ऐवजी ‘करत नाही’ म्हणा, असा सल्ला होता. ‘जमत नाही’ म्हटलं की समोरचा जमवून द्यायला बसतो (‘मग उद्या जमेल?’), हे खरंच आहे. पण त्यासाठी तिने २०१२ साली छापून आलेल्या एका संशोधनाचा आधार दिला. ते संशोधन मला आधीपासून माहीत होतं. त्यात लोक स्वतःच्याच मोहाला नकार देत होते, चॉकलेट खायचं की नाही अशा जातीचा. चॉकलेट आपलं अप्रेझल लिहीत नाही. हे मी सत्रात विचारलं तेव्हा ‘छान मुद्दा’ म्हणून ती पुढच्या स्लाइडवर गेली.

याच सत्रात अडकलेल्या तबकडीचं तंत्रही होतं. १९७० च्या दशकापासून ठाम बोलण्याच्या प्रशिक्षणात ते शिकवतात. तेच वाक्य, त्याच स्वरात, न चिडता पुन्हा पुन्हा म्हणायचं. मी ते मॅनेजरवर फोनवर वापरून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर ते म्हणाले, ‘तुझा आवाज अडकतोय का? नेटवर्क बघ.’

पैसे वसूल झाले ते तिसऱ्या सत्राच्या गृहपाठात. दोन आठवडे एक वही ठेवायची. आलेली प्रत्येक मागणी तीत लिहायची: कोणी मागितलं, मागणाऱ्याच्या मते किती वेळ, माझ्या मते किती, आणि प्रत्यक्षात किती गेला. नकार द्यायचा नाही, काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. माझ्या वहीत १९ मागण्या आल्या, त्यांपैकी १७ ना मी हो म्हटलं. माझ्या अंदाजाने त्यात ११ तास जायला हवे होते. प्रत्यक्षात २६ गेले. मागणाऱ्यांच्या हिशेबाने तर सगळं मिळून तीनच तासांचं काम होतं!

कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये यालाच नियोजनातली चूक म्हटलं. आधीच्या अशाच कामांना किती वेळ लागला हे माहीत असूनही माणूस नव्या कामाचा अंदाज कमीच करतो. मला वाटायचं की माझा स्वभाव मऊ आहे. वही सांगत होती की माझं गणित कच्चं आहे. मला हे फार सोयीचं पडलं, कारण स्वभावाशी भांडण्यापेक्षा गणित सुधारणं सोपं. आता कुणी पाच मिनिटांचं म्हणालं की वही उघडते आणि सांगते, ‘मागच्या वेळी याला दोन तास लागले होते. दोन तास आज नाहीत.’ समोरच्याला रागवायलाही जागा उरत नाही.

चौथं सत्र वरिष्ठांबद्दल, आणि कार्यशाळेचं सगळ्यात लंगडं सत्र हेच. सरळ नाही म्हणू नका, विचारा: ‘हे घेते, मग यादीतलं कुठलं मागे ठेवू?’ भूमिका वठवताना झकास वाटलं, कारण मॅनेजर झालेला सहभागी शहाण्यासारखा विचारात पडला. माझे मॅनेजर विचारात पडले नाहीत. म्हणाले, ‘दोन्ही कर.’ त्यापुढचं वाक्य स्लाइडवर नव्हतं. शेवटी मी दोन्ही कामांचे तास वहीतून काढून, तारखा घालून मेल पाठवला. तेव्हा कुठे एक काम आठवडाभर पुढे सरकलं. बोलून जे झालं नाही ते लिहून झालं. कार्यशाळेत याबद्दल अवाक्षर नाही.

पाचव्या सत्रात २०१७ सालच्या एका अमेरिकी प्रयोगाचा विषय निघाला. कुणीतरी करायलाच हवं, पण करणाऱ्याच्या पदरात इतरांपेक्षा कमी पडतं, अशा कामाला कोण पुढे होतं? स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा पुढे झाल्या. नुसत्या पुरुषांच्या गटात मात्र पुरुषही पुढे होतात, काम अडत नाही. आमच्या गटातल्या नऊ बायका एकदम बोलायला लागल्या: मीटिंगचं टिपण कोण लिहितं, निरोपाच्या कार्डावर सह्या कोण गोळा करतं, नव्या मुलाला कोण शिकवतं. सहा आठवड्यांतली ही सगळ्यात जिवंत वीस मिनिटं, आणि तिथेच ‘वेळ संपला’ झालं. माझं म्हणणं सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते. पुरुषांना हे काम येतं, फक्त बाई समोर असली की ते थांबतात. मग मला एकटीला नाही म्हणायला शिकवून काय होणार? मी नाही म्हटलं तर ते पलीकडच्या टेबलावरच्या मुलीच्या गळ्यात पडेल. टिपणाची पाळी लावा, आठवड्याला एक नाव, संपलं. हे मॅनेजरांना शिकवायला हवं, आणि ते या कार्यशाळेत येत नाहीत.

शेवटचं सत्र कामाच्या वेळेनंतरच्या निरोपांवर. २०२१ मधलं एक संशोधन सांगितलं: वेळेबाहेर आलेल्या, घाई नसलेल्या मेलला किती लवकर उत्तर हवंय, याचा अंदाज मेल मिळालेला माणूस जास्तच करतो. पाठवणाऱ्याने ‘घाई नाही’ एवढं लिहिलं तरी ताण उतरतो. चांगलं सत्र होतं. त्याच रात्री पावणेअकराला आयोजकांचा ग्रुपवर निरोप: ‘गृहपाठ बाकी असलेल्यांनी कृपया लक्ष द्यावे.’ मी खाली लिहिलं, ‘घाई आहे की नाही?’ सात जणांनी हसरे चेहरे टाकले. श्रेय द्यायला हवं, पुढचा निरोप सकाळी दहाला आला.

रेकॉर्डिंग मिळत नाही, टिपणं त्रोटक आहेत, १४ जण जरा जास्तच होतात. नवीन नोकरीला लागलेल्यांनी जरूर जावं. ज्यांचा सगळा त्रास एकाच वरिष्ठामुळे आहे त्यांनी फी वाचवावी आणि वही घ्यावी.

कार्यशाळा संपल्यावर आयोजकांनी दोन मिनिटांचा व्हिडिओ मागितला, शुक्रवारपर्यंत, ‘पाच तारे देत असल्याचा’. मी कळवलं, ‘नाही, व्हिडिओ करत नाही. लेखी अभिप्राय देईन, जसा वाटला तसा, रविवारी.’ उत्तरात नुसता अंगठा आला. आज रविवार.