भरीत मळ्यात की गल्लीत?

हिवाळा लागला की आमच्या जळगावकडे एकच विषय निघतो : यंदा भरीत पार्टी कुठे करायची, मळ्यात की गल्लीत?

मळ्यातल्या भरिताला तोड नाही. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट पांढरं, भलं मोठं, कमी बियांचं हे वांगं कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजलं की साल करपून आपोआप सुटते आणि धुराचा वास आत गरापर्यंत उतरतो. मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी अन् उडीद एकत्र दळलेली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ही चव येतच नाही, कितीही मसाला घाला.

पण मळ्यात येतं कोण? गाडीवर बसू शकणारे. गुडघे दुखणाऱ्या आजी, तान्हं बाळ असलेली सून घरीच राहतात. गल्लीत मात्र वांगी कुणाच्या तरी गच्चीवर भाजतात, भाकरी चार घरांतून येतात आणि ओट्यावर पंगत बसते. एकीकडे क्रिकेटचा स्कोअर, दुसरीकडे नगरपालिकेच्या निवडणुकीवरून वाद. मागच्या वर्षी वर्षभर न बोललेले दोन शेजारी तिथेच एका ताटलीतली मिरची वाटून घेताना मी पाहिले.

चवीला मळा. पण मला विचाराल तर यंदा गल्लीतच करू, काड्या तेवढ्या मळ्यातून आणू.