एसटीचा विद्यार्थी पास, काढाच!
गावाकडनं रोज कोल्हापूरला कॉलेजला येत असाल आणि अजून सुट्टं तिकीट काढत असाल तर भावांनो अवघड हाय तुमचं. एसटीच्या मंथली पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे आपण फक्त तिसरा हिस्सा भरायचा, आणि ग्रामीण भागातल्या पोरींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकटच. नाद खुळा! पाससाठी बोनाफाईड, म्हणजे कॉलेजात शिकत असल्याचा दाखला, घेताना कॉलेजचा शिक्का नीट उमटलाय का तेवढं बघा. आणि पासला प्लास्टिकचं कव्हर घाला, जुलैच्या पावसात खिशातल्या खिशात लगदा होतोय त्याचा. पास चालतोय फक्त घर ते कॉलेज, पन्हाळ्याला फिरायला निघालात तर तिकीट काढायलाच लागतंय. शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांनी केएमटीचा, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या सिटी बसचा पास बघा, तो वेगळा.