हिरडीतले दोन स्क्रू: चौदा महिन्यांनंतर

मी वेंगुर्ल्यात शाळेत विज्ञान शिकवते, वय ३१. वरचे पुढचे दात इतके बाहेर होते की ओठ मिटायला हनुवटी ताणावी लागायची. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी वरची दोन्ही बाजूंची पहिली उपदाढ (सुळ्यामागचा दात) काढली, तारा लावल्या आणि दात ओळीत आल्यावर दोन मिनी स्क्रू बसवले. त्याला आता १४ महिने झाले. ज्यांना हाच उपाय सुचवलाय त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते, कारण एक गोष्ट मला फार उशिरा कळली.

आधी स्क्रू कशासाठी ते. उपदाढ काढली की साधारण ७ मिमीची फट राहते. पुढचे सहा दात मागे ओढायला स्प्रिंग दाढेला अडकवली, तर जेवढा जोर पुढच्या दातांवर मागे, तेवढाच दाढेवर पुढे. न्यूटनचा तिसरा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते, तोच इथे. फट दाढांनीच खाल्ली तर चांगला दात काढून काय मिळवलं? म्हणून टेकू थेट हाडात घ्यायचा. १९८३ साली क्रीकमोर आणि एकलंड या दंततज्ज्ञांनी नाकाखालच्या हाडात स्क्रू घालून पुढचे दात वर सरकवले होते, आणि १९९७ मध्ये जपानच्या कानोमींनी फक्त १.२ मिमी जाडीचा स्क्रू वापरून दाखवला. माझे टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, १.६ मिमी जाड, ८ मिमी लांब, दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मुळांमधल्या जागेत.

बसवताना दुखत नाही. हिरडीपुरती भूल देतात आणि हातातल्या पेचकसाने हळूहळू फिरवतात. प्रत्येक वेढ्याला कानशिलापर्यंत दाब जाणवतो, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात उजवा स्क्रू जिभेला हलतोय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून गेले. तो काढला, थोडं थांबून शेजारच्या जागी नवा घातला. हे स्क्रू दातांच्या इम्प्लांटसारखे हाडात पुरते रुजत नाहीत, हाडाच्या पकडीवर उभे असतात. सुरुवातीच्या काळात सुटण्याची भीती जास्त, आणि भोवतालची हिरडी सुजली की आणखी वाढते. तेव्हापासून एका गुच्छाच्या बारीक ब्रशने स्क्रूचं डोकं रोज दोनदा घासते, जेवणानंतर मिठाच्या पाण्याच्या चुळा. माशाच्या आमटीतली हळद ब्रॅकेटवरच्या (दाताला चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या तुकड्यांवरच्या) पारदर्शक रबरांना दोन दिवसांत पिवळं करते, त्याला इलाज नाही. जत्रेतलं कडक खाजं मात्र बंद केलं.

आता मुख्य गोष्ट. पाचव्या महिन्यात फट निम्मी झाली होती, सगळे खूश. मी दर महिन्याच्या १ तारखेला पट्टी धरून बाजूने फोटो काढते. ते ओळीने लावून पाहिले तेव्हा दिसलं की दातांची टोकं मागे आलीत, पण हिरडीजवळचा भाग होता तिथेच आहे. दात आत कलंडले होते, आणि वरचे दात खालच्या दातांवर पूर्वीपेक्षा जास्त उतरून त्यांना झाकत होते.

आमच्याकडे पुळणीवर होडी बांधायचा खुंट असतो. त्याला वरून दोर लावून ओढलं तर तो कलतो. सरळ उभाच सरकवायचा तर जोर वाळूत गाडलेल्या भागाच्या मध्याजवळून जायला हवा. दाताचंही तसंच. त्याचं प्रतिरोध केंद्र, म्हणजे जिथून जोर गेला तर दात न कलता सरळ सरकतो तो बिंदू, मुळाच्या भागात, हाडाच्या आत असतं आणि स्प्रिंग आपण बाहेर, दिसणाऱ्या भागाला लावतो. जोराची रेषा केंद्रापासून जेवढी दूर, तेवढा दात फिरतो. स्प्रिंग अडकवायचा माझ्या तारेवरचा हूक आखूड होता, त्यामुळे ओढ केंद्राच्या बरीच खालून जात होती. शिवाय ब्रॅकेटच्या खाचेत तार थोडी सैल बसते, तेवढ्या सैलपणात दात कलायला मोकळा. स्क्रू भक्कम होता, दाढा हलल्या नव्हत्या, तरीही दात चुकीच्या तऱ्हेने येत होते.

हे मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी फोटो नीट पाहिले आणि मान्य केलं. मग बाजूचा पुढचा दात आणि सुळा यांच्यामध्ये ७ मिमीचा उंच हूक लावला, हिरडीच्या दिशेने, आणि तारेला मुळं मागे ढकलणारा पीळ दिला. निकेल-टायटॅनियमची स्प्रिंग आधीचीच, दर बाजूला १५० ग्रॅम जोराची. तो हूक ओठाच्या आत टोचतो. पहिले दहा दिवस मेण लावून शाळेत गेले, एक फोड आला, बोलताना त्रास व्हायचा. पण नंतरच्या फोटोंत हिरडीजवळचा उंचवटा खरंच मागे गेलेला दिसतो. वेग मात्र घटला. आधी महिन्याला पाऊण मिमी फट कमी व्हायची, आता त्याहून बरीच कमी. मूळ हाडातून सरकवायला वेळ लागतोच, तेव्हा या घटीची मला तक्रार नाही. नवव्या महिन्याच्या एक्स-रेत मुळांची टोकं किंचित झिजून बोथट झालेली दिसली, म्हणून जोर वाढवायला मीच नको म्हटलं.

खर्च दर स्क्रूमागे ३,००० रुपये जादा आला. उजवा पुन्हा घातला त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

तुमच्या डॉक्टरांना हूक किती उंच लावणार हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि बाजूने काढलेले फोटो स्वतःकडे ठेवा. समोरून पाहिलं तर कलंडलेला दात आणि सरकलेला दात सारखेच दिसतात.

परवा आई म्हणाली, ‘गो बाय, आता ओठ मिटतत तुझे.’ उजवीकडे फटीत आता दोराच जातो. डावीकडे अजून झावळीचा हीर जातो.