सीसीएनए परीक्षेचे परीक्षण, आणि वेब डेव्हलपमेंटच्या प्रमाणपत्रांविषयी

नेटवर्किंगमध्ये नोकरीची सुरुवात करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एकाच प्रमाणपत्रावर पैसे खर्च करणे शक्य असेल, तर ते त्याने नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या सीसीएनए या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षेवर करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वेब डेव्हलपमेंटकडे वळणाऱ्याला मात्र सुरुवातीला कोणत्याच प्रमाणपत्रासाठी मोठी रक्कम भरण्याचा सल्ला मी देणार नाही. दोन्हीकडे जाणारी मुले बहुधा एकाच पदवीच्या वर्गातून बाहेर पडतात आणि क्लासच्या जाहिरातींत दोन्ही प्रकारची प्रमाणपत्रे शेजारीशेजारी छापलेली असतात, त्यामुळे पालकांना ती सारख्याच मोलाची वाटतात. मी सीसीएनए दिली आहे, पुढे तिचे नूतनीकरणही केले आहे आणि कामाचा भाग म्हणून नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेतो. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

सीसीएनए 1998 मध्ये सुरू झाली. मधल्या काळात तिच्या सिक्युरिटी, वायरलेस, डेटा सेंटर अशा अनेक शाखा झाल्या होत्या आणि नेमकी कोणती द्यावी हाच नवख्यांचा पहिला प्रश्न असे. 24 फेब्रुवारी 2020 रोजी सिस्कोने या शाखा एकत्र करून 200-301 या क्रमांकाची एकच परीक्षा आणली, आणि ऑगस्ट 2024 पासून तिच्या अभ्यासक्रमाची 1.1 ही आवृत्ती लागू झाली. परीक्षेला 120 मिनिटे मिळतात. शुल्क 300 अमेरिकी डॉलर असून त्यावर कर लागतो. म्हणजे रुपयांत हा आकडा 30 हजारांच्या आसपास जातो. नापास झाल्यास पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते, पण शुल्क पुन्हा पूर्ण भरावे लागते. सामान्य मराठी घरात ही रक्कम लहान नाही, म्हणूनच तिच्या बदल्यात काय मिळते हे नीट तपासायला हवे.

माझ्या मते या परीक्षेचे खरे मोल तिच्या अभ्यासक्रमात आहे. नेटवर्कची मूलतत्त्वे 20 टक्के, स्विचिंग आणि वायरलेस मिळून नेटवर्क ॲक्सेस 20 टक्के, राउटिंग, म्हणजे माहितीचे तुकडे (पॅकेट) कोणत्या वाटेने न्यायचे हे ठरवणे, 25 टक्के, डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणे), नॅट (पत्ते बदलून देणे), एनटीपी (घड्याळे जुळवणे) यांसारख्या सेवा 10 टक्के, सुरक्षिततेची मूलतत्त्वे 15 टक्के आणि ऑटोमेशन, म्हणजे ही कामे प्रोग्रामकडून आपोआप करून घेणे, 10 टक्के, अशी तिची विभागणी आहे. सिस्को ही उपकरणे विकणारी कंपनी असल्यामुळे ही परीक्षा म्हणजे त्या कंपनीचीच जाहिरात, असा आक्षेप घेतला जातो. कमांड सिस्कोच्याच असतात हे खरे आहे. पण ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत), व्हीएलएएनचे (एकाच स्विचवरील वेगळ्या आभासी नेटवर्कचे) टॅगिंग, एलएसीपी (अनेक केबल मिळून एक जोडणी करणे), आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) ही सगळी खुली मानके आहेत. ती नीट समजलेला माणूस ज्युनिपर, अरुबा किंवा मायक्रोटिकच्या उपकरणासमोर बसला तरी थोड्याच दिवसांत कामाला लागतो, कारण बदललेली असते ती कमांड लिहिण्याची पद्धत. पॅकेटचा प्रवास सगळीकडे त्याच नियमांनी होतो.

ही परीक्षा कोणत्या प्रकारची समज मागते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. पहिले सबनेटिंगचे, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे लहान भाग करण्याचे. 172.16.35.123/20 हा पत्ता कोणत्या नेटवर्कमधला, असे विचारले तर /20 म्हणजे 255.255.240.0 हा मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा), तिसऱ्या आकड्यात 16-16 च्या टप्प्याने नेटवर्क बदलते, 35 हा आकडा 32 ते 47 या टप्प्यात येतो, म्हणून नेटवर्क 172.16.32.0 आणि ब्रॉडकास्ट (त्या नेटवर्कमधल्या सर्वांसाठीचा पत्ता) 172.16.47.255, इतके मनातल्या मनात अर्ध्या मिनिटात सुचायला हवे. दुसरे राउटिंगचे. एखाद्या राउटरकडे 10.1.0.0/16 साठी हाताने लिहिलेला स्टॅटिक रूट (ठरवून दिलेली वाट) आहे आणि 10.1.1.0/24 हा रूट ओएसपीएफकडून आला आहे; तर 10.1.1.5 कडे जाणारे पॅकेट कोणत्या वाटेने जाईल? स्टॅटिक रूटचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूट कुठून आला त्यावरील विश्वासाचा आकडा, लहान तो आधी) 1 आणि ओएसपीएफचे 110 हे पाठ असलेली अनेक मुले झटकन ‘स्टॅटिक’ म्हणतात. बरोबर उत्तर ओएसपीएफ आहे, कारण राउटर आधी सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) पाहतो आणि डिस्टन्सची तुलना एकाच प्रीफिक्ससाठी दोन ठिकाणांहून रूट आले तरच होते. मुलाखतीत हा प्रश्न मी आवर्जून विचारतो. उमेदवाराने विषय लॅबमध्ये करून पाहिला आहे की फक्त नोट्स वाचल्या आहेत, हे त्याच्या पहिल्या दोन वाक्यांतच कळते.

परीक्षेत बहुपर्यायी आणि जोड्या लावण्याचे प्रश्न असतातच, शिवाय प्रत्यक्ष कमांड देऊन स्विच किंवा राउटर कॉन्फिगर करण्याचे लॅब-प्रश्नही असतात. पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही आणि उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात हे सिस्को जाहीर करत नाही. परत न येण्याचा नियम मला जाचक वाटतो. कामावर असताना कोणताही अभियंता आपले कॉन्फिगरेशन दुसऱ्यांदा तपासतोच, मग परीक्षेत ती मुभा का नसावी? लॅब-प्रश्नांचे मात्र मी मनापासून स्वागत करतो. ट्रंक पोर्टवर, म्हणजे अनेक व्हीएलएएनची वाहतूक नेणाऱ्या जोडणीवर, एखादा व्हीएलएएन चालू करण्याचे राहून गेले, तर ते कोणत्या ‘शो’ कमांडने शोधायचे हे चार पर्यायांतून निवडणे वेगळे आणि रिकाम्या प्रॉम्प्टसमोर बसून शोधणे वेगळे.

ऑटोमेशनचा भाग ही या परीक्षेची सर्वांत कमकुवत बाजू आहे. 1.1 आवृत्तीत पपेट आणि शेफ ही कॉन्फिगरेशन आपोआप करणारी जुनी साधने काढून अँसिबलसोबत टेराफॉर्म आणले, कृत्रिम बुद्धिमत्तेचा आणि यंत्र-शिक्षणाचा नेटवर्कमधील वापरही आला. पण या सगळ्याची अपेक्षा ‘ओळखता यावे’ एवढ्यावरच थांबते. जेसन या माहिती मांडण्याच्या पद्धतीतल्या मजकुरातला एखादा घटक ओळखणारा विद्यार्थी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दहा ओळी लिहून वीस स्विचचे कॉन्फिगरेशन उतरवून घेऊ शकेल, याची कोणतीही हमी हे प्रमाणपत्र देत नाही. आजच्या कामात नेमके तेच लागते. ज्याने सीसीएनए केली आहे त्याने ही उणीव स्वतः भरून काढावी.

आयपीव्ही6 विषयी एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. अनेक क्लास हा भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि मुलेही तो सोडून देतात. प्रत्यक्षात जिओसारख्या मोबाइल नेटवर्कमुळे आयपीव्ही6 वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत भारत गणला जातो. आपल्या हातातला फोन बहुतेक वेळ ज्या प्रोटोकॉलवर चालतो, तोच अभ्यासातून वगळणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही.

तयारीच्या खर्चाबद्दल बोलायचे तर तो परीक्षेच्या शुल्कापेक्षा बराच कमी ठेवता येतो. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीवर खाते उघडले की पॅकेट ट्रेसर हे सिम्युलेटर (संगणकावरच आभासी नेटवर्क उभे करणारे साधन) मोफत मिळते आणि सीसीएनएच्या जवळजवळ सर्व लॅब त्यात होतात. साध्या लॅपटॉपवरही ते चालते. जीएनएस3 आणि ईव्ह-एनजी ही तशीच साधने अधिक खरेखुरे वातावरण देतात, पण त्यांना मेमरी जास्त लागते आणि या पातळीवर त्यांची निकड नाही. सेकंडहँड स्विच विकत घेण्याचा आग्रह काही जण धरतात. केबल क्रिंप करणे (तिच्या टोकाला कनेक्टर बसवणे) आणि उपकरणाच्या कन्सोल पोर्टला लॅपटॉप जोडणे एकदा हाताने करायला मिळावे एवढ्यापुरता तो मला पटतो, त्यापलीकडे नाही. क्लास लावावाच असेल, तर मी एकच कसोटी सांगेन : तिथे दर आठवड्याला किती तास विद्यार्थी स्वतः कमांड टाइप करतो? मला माहीत असलेल्या एका क्लासमध्ये शिक्षक प्रोजेक्टरवर लॅब करून दाखवत आणि मुले ती वहीत उतरवून घेत. त्या मुलांची वर्षभराची फी वाया गेली, असेच म्हणावे लागेल.

याहून गंभीर प्रकार ‘डम्प्स’चा आहे. चोरलेल्या प्रश्नांचे संच पाठ करून घेऊन ‘हमखास पास’ करून देण्याचे आश्वासन उघडपणे दिले जाते. सिस्कोच्या नियमांनुसार हा गैरप्रकार आहे. निकाल रद्द होऊ शकतो आणि पुढील परीक्षांना बंदीही येऊ शकते. पण ही भीती बाजूला ठेवली तरी, डम्प पाठ करून आलेला उमेदवार वर सांगितलेल्या राउटिंगच्या प्रश्नावर अडखळतो आणि त्याच्या प्रमाणपत्राकडे मग कोणी पाहत नाही. याचे दुष्परिणाम प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांनाही भोगावे लागतात, कारण मुलाखत घेणारा सगळ्यांकडेच संशयाने पाहू लागतो. याबद्दल मला मनापासून वाईट वाटते.

परीक्षा ती घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या केंद्रावर किंवा घरून वेबकॅमसमोर देता येते. घरून देताना खोलीचे फोटो पाठवावे लागतात, टेबल रिकामे ठेवावे लागते आणि परीक्षा संपेपर्यंत खोलीत दुसरे कोणीही आलेले चालत नाही. वन-रूम-किचनच्या घरात हे सांभाळणे अवघड आहे, तेव्हा जवळ केंद्र असल्यास तिथेच जावे. आणखी एक बाब विशेषतः आपल्याकडे महत्त्वाची आहे. नोंदणीतले नाव ओळखपत्रावरील नावाशी तंतोतंत जुळावे लागते. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचे नाव मध्ये आणि पासपोर्टवर तिसरीच मांडणी, असे सर्रास असते. खाते उघडतानाच, जे ओळखपत्र नेणार आहोत त्याच्यावरचे नाव समोर ठेवून अर्ज भरावा.

प्रमाणपत्र हाती आल्यावर काय मिळते? सरळ मोठ्या पगाराची नोकरी मिळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. नवी मुंबईतील ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यातील डेटा सेंटर, मुंबई-पुण्यातील इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या आणि इतरांचे नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवा कंपन्या यांच्या नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे ‘नॉक’मध्ये, पहिल्या पातळीची शिफ्टची कामे असतात. तिथे अर्ज चाळताना सीसीएनए हा शब्द अजूनही शोधला जातो. रात्रपाळी, सततचे अलार्म आणि तिकिटे (तक्रारींच्या नोंदी) यांत पहिली एक-दोन वर्षे जातात. पण नेटवर्क कसे बिघडते हे शिकण्यासाठी त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते. ती संपण्याआधी 30 निरंतर-शिक्षण क्रेडिट मिळवून किंवा वरच्या पातळीची एखादी कोअर (मुख्य) परीक्षा देऊन नूतनीकरण होते. तीच परीक्षा पुन्हा देण्यापेक्षा वरची परीक्षा द्यावी, असे मी सुचवेन.

सीसीएनएला पर्याय म्हणून सांगितली जाणारी, कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस ही कोणत्याही एका कंपनीशी न जोडलेली परीक्षा आहे. जून 2024 पासून तिची एन10-009 ही आवृत्ती चालू आहे, 90 मिनिटांत जास्तीत जास्त 90 प्रश्न असतात. संकल्पनांसाठी ती चांगली आहे आणि अमेरिकेत शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांना उपयोगी पडते. भारतात मात्र नॉकच्या जाहिरातींत सीसीएनएचेच नाव जास्त दिसते, त्यामुळे दोन्हींवर खर्च करण्याची गरज नाही.

आता वेब डेव्हलपमेंट. इथे प्रमाणपत्राचे वजन कमी असण्यामागे ठोस कारण आहे. राउटरचे कॉन्फिगरेशन कंपनीच्या आत बंद असते, ते मुलाखतीला घेऊन येता येत नाही. म्हणून त्या जागी कोणाची तरी साक्ष लागते. वेबसाइट मात्र दुवा उघडताच समोर असते आणि तिचा कोडही गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर वाचता येतो. शिवाय वेबचा कोणी एक मालक नाही. 2019 च्या करारानंतर वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेचे मानक डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी या ब्राउझर बनवणाऱ्यांच्या गटाकडे असून ते सतत बदलणारे ‘लिव्हिंग स्टँडर्ड’ आहे, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका त्याच्याशी जुळेलच असे नाही. मायक्रोसॉफ्टची एचटीएमएल5, जावास्क्रिप्ट आणि सीएसएस3 वरील 70-480 ही परीक्षा एके काळी बरीच लोकप्रिय होती. 31 जानेवारी 2021 रोजी ती बंद झाली.

तरीही शिकण्याचे साधन म्हणून काही अभ्यासक्रम मला खरोखर आवडले. कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील मेटाचा फ्रंट-एंड डेव्हलपर अभ्यासक्रम नऊ भागांचा आहे. एचटीएमएलपासून रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या साधनापर्यंत तो क्रमाने नेतो आणि शेवटी ‘लिटल लेमन’ नावाच्या काल्पनिक उपाहारगृहासाठी टेबल राखून ठेवण्याचे ॲप करायला लावतो. त्याची रचना नेटकी आहे. मात्र काही कामांचे मूल्यमापन सहविद्यार्थीच करतात आणि ते अनेकदा वरवरचे होते. फ्रीकोडकॅम्प हे शिकण्याचे संकेतस्थळ 2014 पासून पूर्णपणे मोफत आहे आणि प्रमाणपत्रासाठी प्रकल्प करावेच लागतात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. फक्त एक काळजी घ्यावी : सगळ्यांनी केलेला तोच प्रकल्प मुलाखतीत दाखवू नये. शेजारच्या दवाखान्याची वेळापत्रके, गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची, असे खऱ्या माणसाच्या उपयोगाचे काहीतरी करून ते चालू ठेवावे. ज्यांना वर्गात बसून कसून अभ्यास करायचा आहे, त्यांच्यासाठी पुण्यातील सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा, पीजी-डॅक या नावाने ओळखला जाणारा, सुमारे सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि प्लेसमेंटची व्यवस्था असल्यामुळे त्याचे मोल सुट्या प्रमाणपत्रांहून निश्चितच जास्त आहे.

वेबच्या क्षेत्रात एका प्रमाणपत्राचा अपवाद मी करेन, तोही काही वर्षे काम केलेल्यांसाठी. आयएएपी या ॲक्सेसिबिलिटी (सुगम्यता) तज्ज्ञांच्या संस्थेची वेब ॲक्सेसिबिलिटी स्पेशालिस्ट ही परीक्षा, दृष्टिहीन आणि इतर दिव्यांग व्यक्तींना वापरता येतील अशा वेबसाइट बांधण्याचे ज्ञान तपासते. हे काम बाहेरून पाहून कळत नाही. पान सुंदर दिसते आणि स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, त्यातले एक बटणही सापडत नाही, असे सहज घडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 आणि सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे यांमुळे आपल्याकडेही हे ज्ञान असलेल्या माणसांची गरज वाढते आहे. परीक्षेचा अर्ज भरण्याआधी स्वतः बांधलेली एक वेबसाइट माऊस बाजूला ठेवून, केवळ कीबोर्ड आणि एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरून पूर्ण चालवून पाहावी. अभ्यास कुठून सुरू करायचा ते त्यातून कळेल.